आखाजीला किती बहिणी येतात?

आप्पा,

न सांगता जायचं, ही तुमची पहिली शिकवण. कर्ज मागणाऱ्याच्या घरी आधी फोन करून गेलं की पलंगावर नवी चादर असते, भावकी गोड बोलते आणि आपल्याला काहीच दिसत नाही, असं तुम्ही म्हणायचात. गिऱ्हाइकांकडे असं जात होतात ते ठीक होतं. पण या आखाजीला कळसाडीत गिऱ्हाइकाच्या नव्या घरी माझ्या शेजारी बसून रस-मांडे हाणलेत, "तळोदानी फाईल सोमवारले देखू" म्हणालात, आणि तो सोमवार यायच्या आत रनाळ्याला आपल्या घरी दुपारचं जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. ही काय रीत झाली? मला रडू नंतर आलं, आधी रागच आला. तो अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

रनाळ्याच्या फाट्यावर तुमचं फ्लेक्स लागलंय. कडक इस्त्रीची सफारी, केस कुळकुळीत काळे. खाली 'गृहकर्ज क्षेत्रातील अनुभवी मार्गदर्शक श्री. हिलाल आप्पा' असं छापलंय. ते वाचायला तुम्ही गाडी वळवून परत गेला असतात, मला माहीत आहे. तुमच्यात गुण पुष्कळ होते, पण नम्रपणा त्यांत नव्हता. तालुक्यात घर बांधलेल्या कुठल्याही माणसाचं नाव निघालं की "तो मन्हाच हातखालथून गयेल शे" हे ठरलेलं. आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं, हीच तर पंचाईत.

शहाद्याला आपल्या गृहकर्ज कंपनीच्या शाखेत मी लागले तेव्हा घरकर्ज मला पुस्तकातलं माहीत होतं. तुम्ही बँकेत जन्म घालवून रिटायर झालेले, कंपनीनं सल्लागार म्हणून आणून बसवलेले. पहिल्याच दिवशी मला समोर बसवलंत आणि म्हणालात, "घरकर्ज म्हंजे काय, मन्ही मायले समजाडी सांग." मी घडाघडा सुरू केलं. स्थावर मालमत्तेच्या तारणावर दीर्घ मुदतीनं दिलेलं वगैरे. तुम्ही हात वर केलात. "मन्ही माय झोपी गई," म्हणालात.

मी म्हटलं, मग तुमच्या आईला उठवा आणि तुम्हीच सांगा.  माझी जीभ अशीच आहे, घरच्यांनीही हात टेकलेत. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं, गेली नोकरी. मग हसलात आणि शिपायाला चहा सांगितलात. "हाई पोर टिकी," एवढंच त्याला म्हणालात. त्या दिवसापासून तुम्ही खुशीत असलात की मी 'माय' झाले आणि रागात असलात की 'सुनंदाबाई'. राग आला की तुमची भाषाही एकदम शुद्ध व्हायची, शाळेच्या पुस्तकासारखी. अहिराणी बंद झाली की समजायचं, आज काही खरं नाही.

शिकवणं म्हणाल तर तुम्ही कधी शिकवायला बसला नाहीत. तुमच्या त्या जुन्या पांढऱ्या गाडीत शेजारी बसवून गावोगाव नेलंत. लोक विचारायचे, साहेब कोठे शेतस? तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात. "ह्याच साहेब. मी डायवर." मग बाजेवर ऐसपैस बसून सगळं बोलणं स्वतःच करायचात, ते सोडा.

गहाण हा शब्द आपल्याकडे घरात कोणी उच्चारत नाही. दागिना गहाण पडला तरी चार लोकांत मान खाली जाते, मग घर गहाण म्हणजे तर बुडालेल्याची गोष्ट. इतर कंपन्यांची पोरं तो शब्द सहीच्या दिवसापर्यंत गिळून बसतात. तुम्ही तो पहिल्या चहालाच काढायचात. "देखा भाऊ, घर गहाण ऱ्हाई. घर तुमनंच, ऱ्हाशात बी तुम्हीच, पण कर्ज फिटे तोवर इकता येवाव नई." घरातला म्हातारा कपाळाला आठ्या घालायचा आणि तुम्ही शांतपणे बशीतला चहा प्यायचात. पहिल्या दिवशी पचलेला शब्द पुढे पोटात दुखत नाही, असं गाडीत मला सांगायचात. मी आता तसंच करते. एका म्हाताऱ्यानं मला उठवून लावलं होतं, आणि आठवड्यानं स्वतःच नातवाला घेऊन शाखेत आला.

आणखी एक. व्याजाचा दर वाढला की बऱ्याचदा हप्ता तेवढाच राहतो, वाढतात ती वर्षं. हप्ता तोच आहे म्हणून माणूस खुशीत असतो. "हप्ता इचारू नको, शेवटला हप्ता कव्हय ते इचार," हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाकडून पाठ करून घेतलंत. ग्रामपंचायतीचा आठचा उतारा घेऊन कोणी आला की म्हणायचात, ह्याच्यावरून घरपट्टी कोण भरतो ते कळतं, घर कोणाचं ते नाही. मला हे ऐकून ऐकून झोपेतही म्हणता येईल. पण कोणाचं घर वाचलं असेल तर असल्याच वाक्यांनी वाचलंय.

पण तुमचं खरं हत्यार म्हणजे तो प्रश्न.

बाप गेलेला असतो, प्लॉट बापाच्या नावावर असतो, मुलाला त्यावर घर बांधायचं असतं. वकील विचारतो, वारस किती? मुलगा सांगतो, आम्ही दोघं भाऊ आणि आई. तो खोटं बोलत नाही. त्याच्या हिशेबी बहीण दिलेली, ती दुसऱ्या घरची. तिचं नाव त्याच्या डोक्यातच येत नाही. पुढे कधीतरी ते उघडं पडतं आणि कर्ज अडकतं, घर अडकतं, भावाबहिणींचं बोलणं बंद होतं. तुम्ही वारस हा शब्दच काढायचा नाहीत. चहा झाला की घरातल्या म्हातारीकडे वळायचात आणि विचारायचात, "माय, आखाजीले कितल्या बहिनी येतस?"

बाहेरच्या लोकांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त. आपल्याकडे आखाजी म्हणजे सासरवाशिणीचं माहेर. भाऊ मुऱ्हाळी होऊन जातो, बहिणीला घेऊन येतो, निंबाला झोके बांधतात, खापरावर मांडे होतात. म्हातारीचं तोंड लगेच उजळायचं. कोणती लेक कुठल्या गावची, कोणाला किती पोरं, झोक्यावरून कोण भांडतं, सगळं बाहेर यायचं. मुलगा तोंड बारीक करून ऐकत बसायचा, कारण एवढ्या बहिणी मोजून झाल्यावर आम्ही दोघंच म्हणायची सोय राहायची नाही. गाडीत बसल्यावर तुम्ही माझ्याकडे असं बघायचात जसा एखादा भारी पत्ता टाकलाय. टाकलेलाही असायचा.

आणि इथंच आपलं भांडण सुरू झालं, आप्पा, जे तुम्ही अर्धं सोडून गेलात.

कारण बहीण सापडली की तुम्ही पुढे काय करायचात? हक्कसोड. बहिणीनं आपला हिस्सा भावाला सोडून दिल्याची सही. त्यासाठी तुम्ही आखाजीचीच वाट बघायचात. सगळ्या बहिणी एका जागी, मन भरलेलं, अंगावर भावानं घेतलेली नवी साडी, हाताला मेंदी. सणाच्या दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात भावाबहिणींचा मेळाच भरायचा. बहीण विचारायची, "कोठे करू सही?" कशावर करू, हे कधी विचारायची नाही.

मी म्हणायची, आप्पा, ही फसवणूक आहे. मांडे खाऊ घालून नाही म्हणायची जागाच ठेवत नाही तुम्ही. तुम्ही म्हणायचात, सुनंदाबाई, मी हक्क लपवला नाही, उलट उजेडात आणला. सोडायचा की ठेवायचा ते तिचं. मी म्हणायची, झोक्यावरून उतरवून विचारलं तर ती काय सांगणार? तुम्ही रेडिओ लावायचात. असं चालायचं. किती गावं अशी रेडिओ ऐकत गेली असतील, देव जाणे.

मग मागच्या आखाजीच्या आधी कळसाडीचा योगेश आला. मोटारी रिवायंडिंगचं दुकान, कामाला पक्का. आई आणि बायकोपोरांसह दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत राहायचा. बापाच्या नावाचा बिगरशेती प्लॉट गावात होता, त्यावर घर बांधायचं होतं. वारस म्हणून आई आणि तो, एवढंच सांगितलं. तुम्ही त्याच्या आईला आपला प्रश्न विचारलात. "एकच येस," ती म्हणाली. "वंदना. तळोदानी." आणि लगेच वंदनाच्या हातच्या सांजोऱ्यांचं कौतुक सुरू झालं.

योगेश म्हणाला, "ती देयेल शे, आप्पा. तिनं काय?"

तुम्ही म्हणालात, "पोर देयेल शे. हक्क नई देयेल." मला वाटलं, आज आप्पा सुधारले. पण लगेच पुढे म्हणालात, आखाजीला येईलच, दुसऱ्या दिवशी सही घेऊन टाकू.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आपण गेलो. वंदना तळोद्याला शाळांचे गणवेश शिवते, बोटांना सुईचे टोचे, बोलायला मोजकी. कणकेचे हात पुसत बाहेर आली. तुम्ही समजावून सांगितलंत, ते मात्र नीट सांगितलंत, काही गाळलं नाहीत. तिनं ऐकून घेतलं. "मी सही करसू, आप्पा," म्हणाली. "मन्हा भाऊनं घर व्हई, माले आनंदच शे. पन एक सांगा. पुढली आखाजीले मी कोना घर येसू?"

"हाऊ काय सवाल शे?" योगेश म्हणाला. "मन्हा घर येशी."

"तुन्हा घर येसू. मंग मन्हं माहेर कोठे शे?"

तिनं हे भांडून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, जसं कोणी बसची वेळ विचारतं तसं.  कर्जाच्या कुठल्याही अडचणीवर तोडगा काढणारे तुम्ही सफारीचं बटण चाचपत बसलात. मी मात्र गप्प बसणारी नाही. मी म्हटलं, सही करू नकोस वंदना. योगेशच्या एकट्याच्या कमाईवर घर अर्धंच उभं राहणार आहे, हे त्यालाही माहीत आहे. तुझी शिलाईची कमाई धरली तर पुरं घर होतं. घरावर आईच्या जोडीला दोघांची नावं, कर्ज दोघांच्या नावावर. योगेशच्या आईनं पदर तोंडाला लावला. योगेश म्हणाला, विचार करून सांगतो. तुम्ही उठलात आणि गाडीकडे चालू लागलात.

गाडीत तुमची भाषा एकदम शुद्ध झाली. "सुनंदाबाई, तुम्ही त्या बाईला कर्जात ओढताय. भावाचा हप्ता चुकला तर नोटीस तळोद्याला जाईल, तिच्या सासरी. एक बाई अशी नोटीस हातात घेऊन सासरच्या अंगणात उभी राहिलेली मी बघितली आहे. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तुम्ही नाही बघितलं."  ते आधी कधी सांगितलं नव्हतं तुम्ही. तिथे मी थांबायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. मी थांबले नाही, आणि बरं केलं. मी म्हटलं, नोटीस आली तर ती घराची मालकीण म्हणून येईल. आज तिला नोटीसही नाही आणि घरही नाही, हे तुम्हाला बरं वाटतं? आणि तुमच्या छायाचं काय? तिच्याकडूनही आखाजीला सही घेणार?

छाया तुमची एकुलती एक लेक. दर आखाजीला तुम्ही स्वतः मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जायचात, मुलांनाही जाऊ द्यायचा नाहीत. तुम्ही रस्त्याकडेला निंबाखाली गाडी थांबवलीत. "माझ्या घरातलं मी बघेन," म्हणालात.  मग शहादा येईपर्यंत रेडिओही लावला नाहीत.

नंतरचे काही दिवस तुम्ही माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होतात. योगेशचा फोन आला, ताई, चालंल, वंदनाचं नाव राहू द्या. त्यानं हे कसं ठरवलं ते मला नंतर त्याच्या आईकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला सोडायला निघताना तो दारातच तिला म्हणाला, तुन्हं माहेर पुसानं नई. पण इकडे हेड ऑफिसनं फाईल परत पाठवली. भाऊ आणि लग्न झालेली बहीण एकत्र कर्जदार, हे नियमात बसत नाही. मला वाटलं, संपलं. तुम्हाला हवं तेच झालं.

मी कागद न्यायला तुमच्या केबिनपाशी आले, तर तुम्ही पुण्याच्या हेड ऑफिसच्या साहेबांशी फोनवर. पलीकडचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मुलगी लग्न होऊन जाते, उद्या तिचा काय भरवसा, असं काहीतरी. तुम्ही खुर्चीत ताठ बसून म्हणालात, "साहेब, तुमच्याकडे जात असेल. आमच्याकडे दर आखाजीला परत येते. मालकी कायद्यानं तिची आहेच, तुमच्या नियमात बसो की न बसो. मालकीण म्हणून तिची सही तुम्हाला घ्यावीच लागणार. मग तिची कमाई धरायला तुमचं काय जातं?" थोडं थांबून पुढे म्हणालात, "आज तिला नोटीसही नाही आणि घरही नाही, हे तुम्हाला बरं वाटतं का?"

माझं वाक्य, आप्पा. जसंच्या तसं उचललेलं. मी दारात उभी होते, तुम्ही मला बघितलंत आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतलीत. कर्ज देणं म्हणजे काय ते मी तुमच्या सगळ्या फेऱ्यांत जेवढं शिकले नव्हते तेवढं त्या दारात शिकले. जो मुद्दा आपल्याला पटलेला नाही तोही माणूस दुसऱ्यासाठी जीव तोडून लढू शकतो. की तोवर पटला होता? ते तुम्ही कधी कळू दिलं नाहीत.

साहेबांनी वंदनाच्या कमाईचा हिशेब मागितला, मग तुम्हीच मला तळोद्याला घेऊन गेलात. वंदनाच्या शिलाई मशीनशेजारी स्टुलावर बसून, शाळांकडून तिला पैसे कसे येतात, सुट्टीत काय चालतं, सगळं बारकाईनं विचारलंत. पगाराची चिठ्ठी नसलेल्या बाईची कमाई कशी मांडायची, ते मी तिथं बघितलं. तिच्या नवऱ्यालाही बोलावलंत. नोटिशीची गोष्ट पहिल्या चहालाच काढलीत, अजिबात न लपवता. हप्ता चुकला तर इथंही कागद येईल, तेव्हा हिला काही बोलशील का? तो म्हणाला, "हप्ता चुकाडाले ती काय मन्हासारखी शे? आनि मन्हा पोरेस्ले मामानं घर ऱ्हाई, मायनं बी ऱ्हाई. मन्हं काय जास?" तुम्ही नुसतं हं म्हणालात. तुमच्या हं ला किती अर्थ असायचे ते मला एकटीला माहीत आहे. हा चांगल्यातला होता.

मंजुरी आली त्या दिवशी मी शाखेत पेढे वाटले. तुम्ही पेढा खाल्लात, बोटं पुसलीत आणि म्हणालात, "नोटीस निंघी तो दिन मन्हाकडे ये, तव्हय बोलसूत." नोटीस काही निघाली नाही. हप्ता वेळेवर जातोय. पाया झाला, लिंटल झालं. स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी वंदना तळोद्याहून आली आणि मिस्तरीला म्हणाली, बैठकीत मधोमध लोखंडी कडी टाक. झोक्याची. कंपनीचा माणूस बांधकाम बघायला आला तेव्हा त्यानं तुम्हाला फोन करून विचारलं, पंख्याचा हूक एवढा जाड कशाला? तुम्ही म्हणालात, "पंखा नाही साहेब, मालकीण बसणार आहे."

या आखाजीला त्या झोक्यावर वंदना बसली. बाहेर निंब होता, तरी आत बसली, आपल्या छताखाली. बायका गाणी म्हणत होत्या, योगेश झोका देत होता, त्याची आई खापरावरून उठून उठून बघायला येत होती. मग सगळ्यांनी धरून तुम्हाला बसवलं. पांढरी सफारी, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरलेला, चेहरा तहसीलदारासारखा. "बस व माय, पाडशी माले," वंदनाला म्हणत होतात आणि उतरत मात्र नव्हतात. मला इतका आनंद झाला होता की मी पंगतीत तुमच्या शेजारी बसून सरळच विचारलं, "मग आप्पा? कोण जिंकलं?"

तुम्ही रसाची वाटी पुढे ओढलीत. "मांडा थंड व्हई ऱ्हायना," म्हणालात. निघताना योगेशच्या मिस्तरीचा नंबर तेवढा घेतलात. मला वाटलं, कुठल्या गिऱ्हाइकासाठी असेल.

काल तुमची गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. त्याच्या आधी एक दिवस मी रनाळ्याला सांत्वनाला, दारावर बसायला आले होते. बैठकीत सतरंज्या टाकलेल्या, तुमचा तोच फ्लेक्सवरचा फोटो, हार. मी भिंतीला टेकून बसले आणि डोळे भरून आले म्हणून मान वर केली. तुमच्या बैठकीच्या छताला मधोमध लोखंडी कडी होती. कडीभोवती नव्या सिमेंटचा गोल होता, रंग द्यायचा राहिलेला.

तुमच्या घरी मी कितीदा आले आहे, आप्पा. ती कडी तिथं नव्हती. छायाचा झोका दरवर्षी अंगणातल्या निंबाला असायचा.

मी बघतेय हे आक्कांनी बघितलं. तुमच्या बायकोच्या नजरेतून कधी काही सुटलंय का? "त्यास्नीच लावी," त्या म्हणाल्या. "कळसाडीथून उनात आनि दुसराच दिन मिस्तरी बलावात. स्लॅब फोडी लावी. इतलं ऊन, काय घाई शे म्हन्तं, तर आयकेत नई. छायाले स्वतः झोका दिन्हा."   छाया सणाला आलेली होती आणि परत जायच्या आत हे झालं, म्हणजे तिच्या माहेरपणातच तुम्ही गेलात.

थोड्या वेळानं तुमचा धाकटा माझ्याजवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, "ताई, तुम्हाला कागदाचं कळतं. वारसनोंदीला काय काय लागतं?"

मी विचारलं, वारस कोण कोण?

"आम्ही दोघं भाऊ आणि आई," तो म्हणाला.

त्यात लबाडी नव्हती. चांगला मुलगा आहे, डोळे सुजलेले होते. पण तुमचा मुलगा, आप्पा, तुमच्या घरात, तुमच्या फोटोसमोर. मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. आजूबाजूला भावकी बसलेली. दुःखाचं घर, मी परकी, गप्प बसावं असं एक मन म्हणालं. मग मी परत वर बघितलं. तुम्ही बोलायचं टाळून नुसता स्लॅब फोडलात, तर मग उरलेलं मीच बोलायला हवं होतं. मी आक्कांकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आक्का, तुमना घर आखाजीले कितल्या बहिनी येतस?"

 त्या घरात तो प्रश्न कोणाला माहीत नाही? जेवताना तुम्ही दुसऱ्यांच्या घरचे किस्से सांगून सांगून पोरांना हसवलेलं. धाकट्यानं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि त्याची मान खाली गेली. आक्कांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन छाया उभी होती.

"एक येस," ती म्हणाली. "मी."

तुमचा थोरला इतका वेळ कोपऱ्यात बसून होता. त्यानं एकदा कडीकडे बघितलं आणि भावाला म्हणाला, "छायानं नाव लिख. आप्पानी तिनी जागा आधीच करी ठेयेल शे." धाकटा उठला, बहिणीच्या हातातला तांब्या घेतला आणि तिला माझ्या शेजारी सतरंजीवर बसवलं. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं घसा साफ केला आणि डोक्यावरची टोपी नीट केली. छायानं माझा हात धरला तो मी निघेपर्यंत सोडला नाही.

परत येताना मी गाडीत रेडिओ लावला नाही. सगळा रस्ता तुमच्याशी बोलत होते, मोठमोठ्यानं, बघणाऱ्यांना वेड लागलेलं वाटलं असेल. तळोद्याची फाईल मी ठरल्या सोमवारीच बघितली होती. तिथंही एक बहीण निघाली, आणि तिला मी पहिल्या चहालाच सगळं सांगितलं. तुम्ही शिकवलेलं सगळं माझ्याकडे आहे, आणि जे तुम्ही माझ्याकडून शिकलात तेही आता तुमच्या छताला लागलंय.

वाद मी जिंकले, आप्पा. तुमच्या घरात, तुमच्याच प्रश्नानं. आता मांडा थंड होतोय म्हणून चालायचं नाही.